एफ कॉर्डच्या अलीकडे आणि पलीकडे

गिटार बनवणाऱ्या फेंडर या अमेरिकन कंपनीचे तेव्हाचे प्रमुख अँडी मूनी मुलाखतींमध्ये एक आकडा उघडपणे सांगत असत. पहिल्यांदाच गिटार घेणाऱ्यांपैकी सुमारे 90 टक्के लोक वर्षभरात, किंबहुना पहिल्या 90 दिवसांतच, वाजवणं सोडून देतात. आपला माल घेणारे दहांतले नऊ जण तो बाजूला टाकतात, असं सांगायला विक्रेत्याला धाडस लागतं. अर्थात त्यात हिशेबही होता. 2017 मध्ये याच कंपनीने ऑनलाइन धडे विकायला काढले. आकडा तिकडचा असला, तरी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये किती घरांत कपाटावर कव्हरासकट गिटार पडून आहे हे पाहिलं, की आपल्याकडचं चित्र फार वेगळं नसावं असं वाटतं.

सोडणाऱ्याला कारण विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात. बोटं आखूड आहेत, वय झालं, मुळात हातात सूरच नाही. हाच प्रश्न गिटार शिकवणाऱ्याला विचारा, तो एकच अक्षर सांगेल : एफ.

सुरुवातीच्या कॉर्ड सोप्या असतात. ई मायनर, ए मायनर, सी, जी, डी. दोन-तीन बोटं तारांवर ठेवायची, उरलेल्या तारा मोकळ्या वाजू द्यायच्या. महिन्या-दोन महिन्यांत दोन-चार गाणी जमतात, घरातले कौतुक करतात. मग एखाद्या गाण्यात एफ येते. तर्जनी पहिल्या पडद्यावर सहाही तारांवर आडवी टाकायची आणि वर आणखी तीन बोटांनी तीन तारा दाबायच्या. बोटं दुखतात, अंगठा कळा देतो आणि एवढं करून आवाज येतो तो लाकडावर टकटक केल्यासारखा. आठवडाभर हेच चाललं की माणूस स्वतःबद्दल निकाल देऊन मोकळा होतो.

हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि तो किती सहज टाळता येतो हे कळलं की हळहळ वाटते. एफ न वाजण्यात बोटांच्या ताकदीचा वाटा थोडाच असतो. मोठा वाटा असतो तो वाद्याच्या अवस्थेचा आणि सरावाच्या पद्धतीचा.

आधी वाद्याकडे पाहू. स्टीलच्या तारा लावलेल्या साध्या अकूस्टिक गिटारवर सहा तारांचा मिळून ताण सुमारे 70 किलो असतो. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर तो 40 किलोच्या आसपास भरतो. हा ताण रात्रंदिवस मानेला वाकवत असतो आणि पुढची पातळ फळी फुगवत असतो. परिणामी तारा पडद्यांपासून हळूहळू वर जातात. तार पडद्यापासून किती उंच आहे याला गिटारवाले ‘अ‍ॅक्शन’ म्हणतात, आणि ती 12 व्या पडद्यापाशी मोजतात. स्टीलच्या गिटारवर जाड तारेखाली दोन ते अडीच मिलिमीटर अंतर असेल तर हाताला सोपं जातं. स्वस्तातल्या गिटारवर ते चार मिलिमीटरही भरतं. अशा गिटारवर सराईत वादकही कुरकुरेल, नवख्याची काय कथा!

पण एफचा खरा वैरी दुसऱ्या टोकाला असतो. मानेच्या वरच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, हाडाची किंवा प्लास्टिकची एक पट्टी असते. तिला नट म्हणतात आणि तिच्या खाचांमधून तारा जातात. कारखान्यात या खाचा पुरेशा खोल घासण्यात वेळ जातो, म्हणून स्वस्त वाद्यांत त्या उथळच सोडलेल्या असतात. मग नटाच्या अगदी लगतच्या पहिल्या पडद्यावर तार दाबायला सगळ्यात जास्त जोर लागतो. एफची तर्जनी पडते ती नेमकी तिथेच. शिवाय उंच तार खाली दाबताना ती ताणली जाते आणि तिचा सूर चढतो. त्यामुळे मोकळ्या तारा चोख लावलेल्या असूनही कॉर्ड बेसूर वाटते. आणि शिकणारा समजतो की आपला कानच नीट नाही.

खात्री करायची असेल तर एक सोपी परीक्षा आहे. पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सहाही तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा. नटाचा संबंध संपला. आता त्याच्या पुढच्या पडद्यावर तर्जनी आडवी टाकून एफचाच आकार धरून पाहा. एकदम सोपं वाटलं तर दोष नटाचा. वाद्य दुरुस्त करणारा जाणकार कारागीर खाचा घासून देतो, घोडीवरची पट्टी उतरवतो आणि गरज असेल तर मानेच्या आतली सळई थोडी पिळून मान सरळ करतो. याला ‘सेटअप’ म्हणतात. त्याचा खर्च नव्या गिटारच्या मानाने किरकोळ असतो. माझ्या मते नवी गिटार घेतल्यावर पहिल्या क्लासच्या फीआधी हा खर्च करावा. दुकानातून नुकत्याच आणलेल्या वाद्यालाही तो लागतो.

कोकण, मुंबई आणि गोव्यातल्या वाचकांनी पावसाळ्याकडेही लक्ष द्यावं. गिटारच्या लाकडाला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. जुलैमध्ये आपल्याकडे हवा दिवसचे दिवस त्याच्या कितीतरी वर असते. लाकूड पाणी धरतं, फळी फुगते, घोडी उचलली जाते आणि मार्चमध्ये हाताला हलकी वाटणारी गिटार ऑगस्टमध्ये दगड होते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्या अधूनमधून बदला, वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा. गंजलेल्या तारेवर बोट घासत सरकवणं हा फुकटचा जाच आहे.

वाद्य ठीक झालं, आता हात. पडद्यांमधलं अंतर सारखं नसतं, हे प्रत्येकाला दिसतं, पण त्याचा फायदा फार थोडे घेतात. प्रत्येक पडदा तारेची उरलेली लांबी एकाच प्रमाणात कमी करत जातो, आणि बारा पडदे झाले की लांबी बरोबर निम्मी होते. गॅलिलिओचे वडील व्हिन्सेन्झो गॅलिली हे ल्यूटवादक होते. त्यांनी 1581 साली छापलेल्या ग्रंथात पडदे बसवण्यासाठी 18 ला 17 हे प्रमाण सुचवलं होतं, आणि ते आजच्या गणिताच्या फार जवळ जातं. 648 मिलिमीटर लांबीच्या तारेच्या गिटारवर पहिला पडदा नटापासून 36 मिलिमीटरवर येतो. चौथ्या आणि पाचव्या पडद्यात 29 मिलिमीटर उरतात, अकराव्या-बाराव्यात जेमतेम 19. म्हणजे पहिल्या पडद्यावर बोटं सर्वांत जास्त फाकावी लागतात आणि जोरही सर्वांत जास्त लागतो. तरीही आडव्या बोटाची कॉर्ड शिकवताना बहुतेक ठिकाणी सुरुवात पहिल्या पडद्यापासूनच होते.

ती पाचव्यापासून करा. एफचाच आकार पाचव्या पडद्यावर धरला की ती ए कॉर्ड होते. तिथे ती खणखणीत वाजू लागली की चौथ्यावर या, मग तिसऱ्यावर, तिथे जी मिळेल. पहिल्या पडद्यावर पोहोचेपर्यंत हाताला आकार ओळखीचा झालेला असतो.

आणखी एक गोष्ट शिकवणारे सांगायला विसरतात. तर्जनीने सहाही तारा दाबायच्या असं म्हणतात, आणि शिकणारा जीव खाऊन सहाही दाबतो. पण या कॉर्डमध्ये पाचवी, चौथी आणि तिसरी तार बाकीच्या बोटांनी पुढच्या पडद्यांवर दाबलेलीच असते. तर्जनीखाली त्या नीट दाबल्या गेल्या काय नि न गेल्या काय, ऐकणाऱ्याला काही कळणार नाही. तर्जनीवर खरी जबाबदारी तीनच तारांची : सहावी, दुसरी आणि पहिली. मग बोट किंचित अंगठ्याच्या बाजूला कलतं करा, म्हणजे मऊ मांसाऐवजी कडेचा हाडाळ भाग तारांवर येईल. एखादी तार पेराच्या वळीत सापडून मुकी होत असेल तर बोट एक-दोन मिलिमीटर वर किंवा खाली सरकवा. बोट पडद्याच्या अगदी मागे, त्याला खेटून ठेवा. आणि अंगठ्याने मान आवळू नका. उजव्या हाताचा पुढचा भाग गिटारच्या अंगावर टेकलेला असतोच, त्याने वाद्य धरून ठेवा आणि डाव्या हाताच्या वजनाने बोट मागे ओढलं जाऊ द्या. बोटांच्या टोकांना सुरुवातीला दुखणारच, काही आठवड्यांत घट्टे पडतात आणि ते दुखणं जातं. मनगटात किंवा कोपराखाली दुखत असेल तर मात्र तिथल्या तिथे थांबायचं. ते दुखणं सोसून काही मिळत नाही, उलट महिनोन्‌महिने वाजवणं बंद पडू शकतं.

बोटं आखूड असल्याची तक्रार घेऊन येणाऱ्याला मी जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकायला सांगेन. 1910 साली बेल्जियममध्ये जन्मलेला हा जिप्सी वादक 1928 मध्ये आपल्या राहत्या गाडीला लागलेल्या आगीत होरपळला आणि त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका कायमची आखडली. त्याने दोन बोटांनी सुरावटी वाजवायची स्वतःची पद्धत घडवली, 1934 मध्ये व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेलीबरोबर पॅरिसमध्ये वाद्यवृंद उभा केला, आणि युरोपातल्या जॅझचा तो सर्वांत मोठा गिटारवादक ठरला. पुढे बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमी या सतरा वर्षांच्या मुलाची दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यातल्या यंत्राने तोडली. तेव्हा तिथल्या वरिष्ठाने त्याला जँगोचीच रेकॉर्ड ऐकवली. आयोमीने बोटांना घरी केलेल्या टोप्या चढवल्या, बारीक तारा वापरल्या आणि ब्लॅक सबाथ या रॉक बँडचा तो जड आवाज जन्माला आला.

कॉर्ड धरता येणं आणि गाणं वाजवता येणं यांच्यामध्ये आणखी एक मोठा टप्पा आहे, तो म्हणजे एका कॉर्डवरून दुसरीवर जाणं. माझ्या मते नवख्याचा निम्म्याहून जास्त सराव इथेच खर्च व्हायला हवा. सीवरून ए मायनरवर जाताना प्रत्यक्षात एकच बोट हलतं : अनामिका पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेवर येते, तर्जनी आणि मधलं बोट जागचं हलतसुद्धा नाही. ए मायनरवरून ई मेजरला जाताना आकार तसाच ठेवून तिन्ही बोटं एक तार जाड बाजूला सरकतात. हे न पाहता शिकणारा दर वेळी हात पूर्ण उचलतो, बोटं हवेत पसरतात आणि पुन्हा एकेक करून जागा शोधत बसतात. इंटरनेटवर जगभर पाहिले जाणारे शिक्षक जस्टिन सँडरको यांनी यासाठी एक व्यायाम लोकप्रिय केला आहे. दोन कॉर्ड निवडायच्या, घड्याळ लावायचं आणि एका मिनिटात किती वेळा अदलाबदल होते ते मोजायचं. रोज मोजून वहीत टिपलं की आकडा वाढताना दिसतो. ‘काहीच प्रगती नाही’ या भावनेला त्याच्याइतका चांगला उतारा मला माहीत नाही.

आता सरावाची पद्धत. दहा हजार तास सराव केला की माणूस तरबेज होतो, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. ती आली आंदर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या 1993 च्या अभ्यासातून, बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरून. 2008 मध्ये माल्कम ग्लॅडवेलच्या पुस्तकाने ती जगभर पोहोचवली. दहा हजार ही सरासरी होती, तो काही उंबरठा नव्हता, असं खुद्द एरिक्सनना पुढे वारंवार सांगावं लागलं. सर्वोत्तम गटातल्या बऱ्याच जणांचे तेवढे तास भरलेलेच नव्हते. नुसते तास भरणं आणि मन लावून दोष काढणं यांत फरक आहे, हा त्यांचा मुद्दा त्या गोल आकड्याखाली चेंगरला गेला.

हाच मुद्दा 2009 मधल्या एका छोट्या प्रयोगात फार छान दिसतो. टेक्सास विद्यापीठात रॉबर्ट ड्यूक आणि सहकाऱ्यांनी 17 पियानोवादक विद्यार्थ्यांना शोस्ताकोविचच्या कॉन्चेर्टोतला एक अवघड तुकडा दिला, हवा तितका सराव करू दिला आणि दुसऱ्या दिवशी वाजवून घेतला. कोण चांगलं वाजवतं याचा सराव किती वेळ केला याच्याशी संबंध निघाला नाही, किती वेळा वाजवला याच्याशीही नाही. सर्वांत चांगले ठरलेले विद्यार्थीही सरावात चुका करत होतेच, पण चूक झाली की ती नेमकी कुठे झाली हे हुडकत, त्या जागेपुरती लय कमी करत आणि ती जागा दुरुस्त होईपर्यंत पुढे जात नसत. बाकीच्यांच्या सरावात हे इतक्या सातत्याने दिसलं नाही. हे वाचून आपल्यातले किती जण ओशाळतील! गाण्याच्या तिसऱ्या ओळीत अडखळायचं, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचं आणि त्याच तिसऱ्या ओळीत अडखळायचं, हा घरोघरचा सराव. यात पहिल्या दोन ओळी उत्तम पाठ होतात, आणि तिसरीतली चूकसुद्धा.

आपल्याकडच्या तबलजींना हे सांगायची गरज नाही. कायदा आधी ठाय लयीत, मग दुगुन, मग चौगुन. ठाय लयीत बोल स्वच्छ निघाल्याशिवाय गुरू पुढे जाऊ देत नाहीत. गिटार शिकणाऱ्याने मोबाइलवरचा मेट्रोनोम लावून हेच करावं. ज्या लयीत एकही चूक न होता चार वेळा वाजेल ती आजची लय. उद्या थोडी वाढवायची. वाढवल्यावर बिघडलं तर परत खाली.

मध्ये थांबण्याचंही महत्त्व आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 2019 मध्ये झालेल्या एका प्रयोगात उजव्या हाताने काम करणाऱ्या लोकांना डाव्या हाताने 41324 हा क्रम टंकायला लावला, दहा सेकंद टंकन आणि दहा सेकंद विश्रांती. सुरुवातीची जवळजवळ सगळी सुधारणा विश्रांतीच्या सेकंदांत झालेली दिसली. हा फायदा खरा की नुसता बोटांचा थकवा उतरल्याचा परिणाम, यावर पुढे वाद झाला, आणि तो मिटलेला नाही. पण थोडं वाजवून थांबण्यात तोटा काहीच नाही. रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बसणं चांगलं, यावर मात्र शिकण्याचा अभ्यास करणाऱ्यांचं बऱ्यापैकी एकमत आहे. त्या वीस मिनिटांतही एकच गोष्ट रेटण्यापेक्षा दोन-तीन गोष्टी आलटून पालटून घेतल्या तर त्या वेळी अडखळल्यासारखं होतं, पण दुसऱ्या दिवशी हाताला जास्त आठवतं.

आणि वयाचं काय? जर्मनीत थॉमस एल्बर्ट यांच्या गटाने 1995 मध्ये तारवाद्यं वाजवणाऱ्या नऊ जणांचा अभ्यास केला. त्यांत सहा व्हायोलिनवाले, दोन चेलोवाले आणि एक गिटारवाला होता. त्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांची जागा इतरांपेक्षा विस्तारलेली आढळली. लहानपणी सुरू केलेल्यांत हा फरक जास्त होता, पण उशिरा सुरू केलेल्यांतही तो होता. चाळिशीत गिटार घेणाऱ्याला एवढं पुरे आहे. त्याला कुठे मैफल गाजवायची आहे!

सगळं लक्ष डाव्या हाताकडे जातं आणि उजवा हात पोरका राहतो. वास्तविक ऐकणाऱ्याला आधी जाणवतो तो उजवा हात. कॉर्ड चुकली तर एखादी चुकते, लय तुटली तर गाणंच बसतं. नवख्यांना इंटरनेटवर हमखास भेटणारं स्ट्रमिंग म्हणजे ‘डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप’. ते पाठ करायला गेलं की जीभ अडखळते. त्यापेक्षा केरव्याच्या आठ मात्रा बोटांवर मोजा. विषम मात्रेला हात खाली, सम मात्रेला वर, आठही मात्रा हात हलता राहिला पाहिजे. तारांना मात्र तो पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या, सातव्या आणि आठव्या मात्रेलाच लागेल. दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला हात जातो, पण तारांना न लागता हवेतून. झालं. तेच स्ट्रमिंग आलं. हात थांबवून पुन्हा सुरू करणं, हे नवख्यांची लय तुटण्याचं सर्वांत मोठं कारण आहे. आरतीला टाळ वाजवणाऱ्या मराठी माणसाला ही हलती लय मुळातच अंगवळणी असते, फक्त ती गिटारवर वापरायची असते हे कोणी सांगत नाही.

कानाच्या बाबतीतही हार्मोनियमवर सरगम शिकलेल्यांकडे भांडवल तयार असतं. काळी-पांढरीची भाषा गिटारवर तशीच चालते. कॅपो ज्या पडद्यावर लावाल तितकी घरं सगळी गिटार वर जाते. एखादी गायिका काळी चारमध्ये गाते म्हणाली तर घाबरायचं कारण नाही. काळी चार म्हणजे जी शार्प, पांढरी पाचच्या एकच घर वर. पहिल्या पडद्यावर कॅपो लावा आणि जीच्या ओळखीच्या कॉर्ड वाजवा. काळी एक असेल तर तिथेच कॅपो ठेवून सीच्या.

कॉर्ड कुठल्या, हा पुढचा प्रश्न. सा, म आणि प या तीन सुरांवर उभ्या राहणाऱ्या कॉर्ड घ्या. पहिलीत सा-ग-प, दुसरीत म-ध-सा, तिसरीत प-नी-रे. तीन कॉर्डमध्ये सातही शुद्ध स्वर आले. सीमध्ये वाजवत असाल तर त्या सी, एफ आणि जी. शुद्ध स्वरांतल्या साध्या चालीचा कुठलाही सूर या तिघींपैकी एकीत तरी सापडतोच, आणि ओळीतल्या ठळक मात्रांवर कुठला सूर येतो हे पाहिलं की कॉर्ड निम्मी ओळखली जाते. कोमल ग आला की मायनरकडे वळायचं. हा हिशेब प्रत्येक गाण्याला पुरत नाही. भूप किंवा यमनच्या अंगाने जाणाऱ्या भावगीतांवर कॉर्ड लादल्या की कधी कधी चाल गुदमरते, तिथे दोन सुरांचा नुसता आधार बरा. पण स्वतः गाणं ऐकून कॉर्ड काढणं हाच कान तयार करण्याचा राजमार्ग आहे. तयार कॉर्ड छापलेली पानं समोर ठेवून वर्षानुवर्षं वाजवणारे लोक मी पाहिले आहेत. पान नसलं की त्यांना दोन ओळी वाजवता येत नाहीत.

गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमध्ये मुलांना हातात व्हायोलिन देण्याआधी स्वरलिपी पाहून सूर म्हणायला शिकवत. त्या शाळांमधून आलेल्या अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा अशा संगीतकारांनी मुंबईच्या हिंदी चित्रपटांचा वाद्यवृंद उभा केला. कान आणि सूर आधी, बोटं नंतर, हा त्यांचा क्रम होता. ऐकण्याचा सराव करायचा तर त्याच स्टुडिओतल्या गिटार ऐकाव्यात. ‘दम मारो दम’मधली गिटार भूपिंदर सिंग यांची आहे. गझलगायक म्हणून ओळखला गेलेला हा माणूस राहुलदेव बर्मनकडे गिटार वाजवत असे.

सूर लावताना एक गोंधळ हमखास होतो. मोबाइलच्या ट्यूनरवर सहाही तारा लावल्या तरी तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला सी कॉर्डमधला गंधार थोडा चढाच वाटतो. वाटणं बरोबर आहे. पडद्यांची विभागणी सारखी केल्यामुळे गिटारवरचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढा असतो, अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने. ती एक कॉर्ड गोड लागावी म्हणून कोणी तार उतरवतो, मग दुसरी कॉर्ड बिघडते आणि अर्धा तास खुंट्या पिळण्यात जातो. ही तडजोड वाद्याच्या घडणीतच आहे, ती मान्य करावी आणि ट्यूनरवर विश्वास ठेवावा. ज्यांना ती मान्य नव्हती त्यांनी पडद्यांनाच रजा दिली. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार आडवी ठेवून तारांवरून धातूचा तुकडा सरकवत रागदारी वाजवली. त्यांची मींड ऐकायची असेल तर शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची 1967 ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही रेकॉर्ड आजही सहज मिळते.

वर्षभरानंतर एक काळ असा येतो की रोज वाजवूनही काही पुढे सरकत नाही. तेव्हा स्वतःचं वाजवणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकावं. वाजवताना लक्ष बोटांत गुंतलेलं असतं, लय कुठे पळते आणि कुठली तार मुकी राहते हे ऐकू येत नाही. रेकॉर्डिंगमध्ये ते पहिल्या मिनिटात कळतं, आणि पुढच्या महिन्याचं काम ठरतं.

हे सगळं एकट्याने जमतं का? बरंचसं जमतं, इंटरनेटवर धड्यांना तोटा नाही. पण स्क्रीनवरचा शिक्षक तुमचा अंगठा पाहू शकत नाही, मनगट कुठे मुरगळतंय हे त्याला दिसत नाही. म्हणून पहिले तीन-चार महिने तरी समोर बसून शिकवणारा माणूस हवा. तो निवडताना तो किती मोठा वादक आहे, त्याच्या वर्गाचे किती विद्यार्थी परीक्षांना बसतात, हे विचारू नका. पहिल्या दिवशी तो तुमची गिटार हातात घेऊन तारांची उंची पाहतो का, एवढंच पाहा. न पाहता थेट कॉर्डचा तक्ता हातात देणारा असेल, तर दुसरा शिक्षक शोधा.